दुरेघी वह्यांचा समुद्रप्रवास

रामटेकहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो कोस लांब. आमच्याकडे गड आहे, अंबाळ्याचे तळे आहे, खिंडसीचा जलाशय आहे. पाऊस चांगला झाला की पाहुण्यांना आम्ही तो जलाशयच समुद्राच्या थाटात दाखवतो. अशा गावात राहून, कॉलेजातल्या पोरांना वृत्ते आणि अलंकार शिकवून पोट भरणारा माझ्यासारखा मनुष्य गेल्या वर्षी जहाजावर माल चढवणारा निर्यातदार झाला, हे या सदराच्या जुन्या वाचकांना खरे वाटणार नाही. आमच्या घरीही कोणाला खरे वाटले नव्हते. "तुम्हाला नागपूरला एक पार्सल धड पाठवता येत नाही," हा सौभाग्यवतींचा पहिला अभिप्राय. तो अगदीच चुकीचा ठरला असे काही म्हणवत नाही.

प्रकरणाला सुरुवात झाली ती मॉरिशसहून आलेल्या एका फोनने. पंधराएक वर्षांपूर्वी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर तिकडची एक मुलगी नागपूरला मराठीत एम. ए. करायला आली होती. कार्तिक पौर्णिमेची जत्रा पाहायला म्हणून रामटेकला आली, आमच्याकडे उतरली, आणि मग दर सुटीला येत राहिली. तिचे खापरपणजोबा रत्नागिरीकडचे. 1834 पासून 1920 च्या सुमारापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे हिंदुस्थानातून करारावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांकडे नेली गेली; पोर्ट लुईच्या धक्क्यावरची ज्या पायऱ्या चढून ती वर गेली त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात, आणि 2006 साली ती जागतिक वारसास्थळांत गेली. त्या लोंढ्यात कोकणातली माणसे मुंबई बंदरातून गेली. बरोबर काय नेले असेल? ओठांवर होते तेवढेच. आज तिथे गणेश चतुर्थीला देशभर सुटी असते, कोकणातली जाखडी तिकडे 'झाकरी' म्हणून नाचली जाते, आणि सरकारी प्राथमिक शाळांतून मराठी शिकता येते. आमची ही विद्यार्थिनी नोकरी सांभाळून संध्याकाळची एक बैठका चालवते. गावकऱ्यांनी एकत्र जमून मुलांना आपली भाषा शिकवायची, त्या जागेला तिकडे बैठका म्हणतात.

तर फोनवर ती म्हणाली, "सर, आमची मुलं अक्षरं जमिनीवर ठेवतात."

मला काही उलगडा होईना. मग तिने मोबाईलवर मुलांच्या वहीचे पान पाठवले, आणि मी पाहतच राहिलो. एकेरी रेघांची सुबक वही. तिच्यावर 'कमल', 'घर', 'आई' हे शब्द इंग्रजी अक्षरांसारखे रेघेवर बसवलेले. 'क' चा दांडा रेघेवर टेकलेला, आणि वरची शिरोरेषा वाऱ्याने टोपी उडावी तशी कुठल्या कुठे चाललेली. एकाच शब्दातले 'म' ठेंगणे आणि 'ल' उंच. उकार द्यायला खाली जागाच नाही म्हणून तो खालच्या ओळीच्या डोक्यावर आदळलेला.

यात मुलांचा काय दोष? इंग्रजी आणि फ्रेंच अक्षर रेघेवर बसते. आपले अक्षर रेघेला लटकते. वेलीला दुधी लोंबावा तसे. मोडी लिहिणारे जुने कारकून तर आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग एकेक अक्षर तिला टांगत जात. म्हणजे आपल्याकडे रेघ आधी, अक्षर मागून. आपल्या मुलांना हे कुणी समजावून सांगत नाही, कारण पहिलीत हातात दुरेघी वही येते. वरच्या रेघेला टांगायचे, खालच्या रेघेपर्यंत आणायचे, वेलांटी-मात्रा वर, उकार खाली. ती वही हाच गुरुजी. मॉरिशसच्या दुकानात मिळते ती वही रोमन लिपीसाठी आखलेली, आणि तीही मुकाट्याने शिकवीतच होती. फक्त उलटे शिकवीत होती.

"पट्टीने रेघा मारून देते मी," ती म्हणाली, "पण साठ मुलं आहेत, सर. आणि फोटोकॉपीचे सुटे कागद चार दिवसांत हरवतात."

"किती वह्या पाहिजेत?"

"सहाशे झाल्या तर दोन वर्षं पुरतील."

मी "पाठवतो" म्हणून गेलो. शिक्षकाच्या तोंडून असे शब्द फार सहज जातात.

सहाशे वह्या म्हणजे पंचाहत्तर किलो कागद. विमानाने पाठवण्याचा भाव विचारला आणि फोन खाली ठेवला. विमानवाला एका घनमीटराला 167 किलो धरतो. कापूस, टोप्या, खेळणी यांना तो जागेचे पैसे लावतो, पण कागदासारख्या जड जिनसेला वजनाचे. कागद हा दिसायला हलका आणि उचलायला दगड, हे परीक्षेचे गठ्ठे वाहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तेव्हा जहाज. समुद्रावर हिशेब उदार आहे: एक घनमीटर किंवा एक टन, यांत जे जास्त भरेल त्याचे भाडे. कागद या मापात जणू बेतून बसतो, कारण घनमीटरभर घट्ट रचलेल्या वह्यांचे वजन टनाच्या आतच राहते.

परदेशी माल धाडायला दहा अक्षरी आयात-निर्यात कोड लागतो. आमच्या गावच्या स्टेशनरीवाल्याच्या पुतण्याचे नागपूरला दुकान आहे, त्याच्याकडे तो निघाला. वह्या काकांनीच घाऊक भावात दिल्या. राहिली पेटी. समुद्रापार जायचे म्हणजे भक्कम पाहिजे, म्हणून मी आमच्या सुतारमिस्त्रीकडे गेलो. त्याने पाडलेल्या वाड्याचा जुना साग काढला, चारही कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकल्या, झाकणाला कडी, बाजूंना दोरीच्या मुठी. आठ दिवस खपला. मजुरी घेताना अर्धी परत केली. "पोरायच्या वह्या हायत नं जी? मंग राहू द्या. समुद्रात पडली तरी तरंगन हे पेटी."

योगायोग असा की पेटी टेम्पोत चढली तो आषाढाचा पहिला दिवस. रामटेकच्या माणसाला त्या दिवशी दुसरे काही सुचणे शक्य नाही. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे हाच डोंगर असे साधार मांडले, आणि तेव्हापासून आम्हा गावकऱ्यांची मान जराशी ताठ आहे. 1997 साली कालिदासाच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही इथे झाले. यक्षाने याच डोंगरावरून निरोप पाठवला. त्याला ना कोड लागला ना घनमीटर मोजावे लागले. समोर ढग दिसला, त्याला मार्ग सांगितला, झाले. मी टेम्पोच्या मागे उभा राहून मनातल्या मनात स्वतःला यक्षाच्या पंगतीला बसवून घेतले.

बारा दिवसांनी मुंबईहून फोन आला. पेटी परत येत होती.

मधल्या एजंटाने ही गोष्ट मला आधी सांगायला हवी होती. त्याचे नाव काढीत नाही, कारण दिवाळी आहे. पण बंदराजवळच्या गोदामातल्या मनुष्याने मात्र फार नीट समजावले. कच्च्या लाकडाच्या पेटीतून कीड देशोदेशी जाते. पेटीतला माल कितीही निर्दोष असो, फळीतली अळी परक्या मुलखातली जंगले खाऊन टाकते. म्हणून 2002 साली आंतरराष्ट्रीय नियम झाला: मालाच्या वेष्टनाचे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर किमान तीस मिनिटे तापवले पाहिजे, किंवा त्याला औषधाची धुरी दिली पाहिजे, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेली मोहोर पाहिजे. प्लायवूड चालते. सहा मिलिमीटरपर्यंतची पातळ फळी चालते. वाड्याचा साग चालत नाही.

"मग पेन्सिल कशी चालते? तीही लाकडाचीच," मी विचारले. अलंकार शिकवणाऱ्याला असे प्रश्न पडतात.

"पेन्सिल माल आहे, सर. पेटी वेष्टन आहे. हा नियम वेष्टनाचा."

एवढे बोलून तो थांबला नाही. "आणखी एक. तुमचा माल घनमीटराचा सातवा हिस्सासुद्धा नाही. पण आम्ही कमीत कमी एका घनमीटराचे पैसे लावतो. तेवढे भरणारच आहात तर जागा रिकामी कशाला पाठवता?"

ती पेटी दीड हजारांवर किलोमीटर फिरून आमच्या ओसरीवर आली तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. वह्या बाहेर काढल्या, आणि पेटीवर जुनी सतरंजी टाकली. मिस्त्री रस्त्यात भेटला, म्हणाला, "पोचली का जी?" मी म्हटले, "निघाली आहे." व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. कर्ता सांगितला नव्हता.

आता घनमीटर भरायचा होता. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. कागदावर ही जागा चिमुकली वाटते. प्रत्यक्षात सहाशे वह्या टाकल्या तर तळालाच राहतात. मी कॉलेजात सांगितले, काकांनी दुकानात पाटी लावली, आणि महिन्याभरात आमचे घर धर्मशाळेसारखे दिसू लागले. वह्या दोन हजारांवर गेल्या. पाट्या आल्या, पाटीवरच्या पेन्सिली आल्या, अंकलिप्या आल्या, एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी फळ्यावरच्या खडूंचे आयुष्यभर पुरतील इतके डबे दिले. आणि दिवाळी अंक! काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी मध्यमवर्ग ते विकत घेतो आहे. पण टाकून द्यायचे कसे हे काही त्याला अजून उमगलेले नाही. माळ्यांवरून साडेतीनशेच्या वर अंक उतरले. देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर दातृत्वापेक्षा सुटकेचा आनंद अधिक होता. या अंकातून हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो खरा.

मग कागदपत्रे. प्रत्येक जिनसेचा आकडा लिहावा लागतो. 1988 सालापासून जगातल्या मालाचे एकच वर्गीकरण अमलात आहे, आणि ते वाचताना मी तहानभूक विसरलो. वह्या 4820. शाई 3215. पेन 9608. पेन्सिली आणि खडू 9609. आणि 9610 हा अख्खा आकडा कुणासाठी? पाटीसाठी! आपण पाटीला कधीच विसरलो. जगभरच्या सीमाशुल्कवाल्यांनी तिला स्वतःचे घर देऊन ठेवले आहे. छापील पुस्तक 4901, नियतकालिक 4902, मुलांचे चित्रांचे पुस्तक 4903. आता दिवाळी अंक हे नियतकालिक की पुस्तक? वर्षातून एकदाच निघतो, जाडी पुस्तकाची, वाचून झाल्यावर ठेवतात पुस्तकासारखा. अंकलिपी हे पुस्तक, की चित्रांचे पुस्तक? मी आणि पुतण्या रात्री अकरापर्यंत वाद घालीत बसलो. साहित्यप्रकारांची चर्चा आमच्या विद्यापीठात इतक्या गांभीर्याने होत नाही. शेवटी त्याने अंक 4902 मध्ये घातले आणि म्हणाला, "सर, तुम्ही झोपा."

पांढऱ्या फळ्याचे मार्कर एजंटाने बाहेर काढले. त्यातली स्पिरिटची शाई पेट घेते. दौतीही काढल्या, गळतील म्हणून. त्या हातात घेऊन काका म्हणाले, हे सगळे उलटे चालले आहे. खरेच होते. त्यांच्या आजोबांच्या दुकानात निबा यायच्या बर्मिंगहॅमहून, पेन्सिली जर्मनीतून. एकोणिसाव्या शतकात जगातल्या पोलादी निबांपैकी बहुतेक निबा एकट्या बर्मिंगहॅममध्ये होत. बोटीने मुंबईला, आगगाडीने नागपूरला. आपली अक्षरे परक्या लोखंडाने वळवली जात होती. दांडेकर बंधूंनी मुंबईत 1931 साली शाईचा कारखाना काढला, उंटछाप शाई घरोघर गेली, आणि 'कॅमल' व 'इंक' मिळून कॅम्लिन झाली. आता ती कंपनी जपानी कोकुयोच्या हाती आहे. नटराज आणि अप्सरा पेन्सिली करणारी हिंदुस्थान पेन्सिल्स 1958 ची. आज भारतातल्या पेन्सिली बोटी भरभरून बाहेर जातात. आमच्या तालुक्याला तर बोटीची ओळख त्याहून जुनी. मनसर आणि कांद्रीच्या खाणींतले मँगनीज विसाव्या शतकाच्या आरंभापासून विलायतेला जात होते, आणि 1933 साली विशाखापट्टणमचे बंदर उघडले त्यामागे मध्यप्रांताच्या याच मातीला समुद्र जवळ करून देण्याचा हेतू मोठा होता. म्हणजे रामटेकची माती बोटीने गेली होती. रामटेकची वही तेवढी जायची राहिली होती.

आश्विनात सत्तावीस खोकी तयार झाली. पाच पदरी पुठ्ठ्याची, प्रत्येकी वीस किलोंच्या आसपास, प्लॅस्टिकच्या चौथऱ्यावर रचून पट्ट्यांनी बांधलेली. गोदामवाल्याने आणखी एक बजावले होते, ते मला फार आवडले. बंद कंटेनरमध्ये पाऊस पडतो. कागद आणि पुठ्ठा आपल्यात ओल धरून असतात. दिवसा उन्हाने लोखंडी पेटी तापते, ओल हवेत जाते, रात्री छप्पर गार पडले की त्याच वाफेचे थेंब होऊन मालावर टपकतात. बाहेर लख्ख चांदणे आणि आत सर. पाणी प्यायलेला पुठ्ठा बसतो, खालची खोकी चेपतात. उपाय म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या आत टांगतात. यक्षाने ढगाबरोबर निरोप पाठवला. मी ढग येऊ नये म्हणून सत्तावीस खोक्यांत पुड्या घातल्या.

माझा घनमीटर इतरांच्या मालाबरोबर वीस फुटी कंटेनरमध्ये गेला. त्यात असे तेहतीसेक घनमीटर मावतात. शेजारी कुणाचे नळ होते, कुणाचे मसाले. 1956 साली माल्कम मॅकलीन या अमेरिकन ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' जहाजावर 58 पेट्या चढवून ही पद्धत रूढ केली. त्याआधी हमाल एकेक गोणी पाठीवर नेत. आज मराठीचा प्राध्यापक घरबसल्या न्हावा-शेव्याहून पोर्ट लुईला माल पाठवू शकतो, तो त्या ट्रकवाल्यामुळे. पाण्यावरचे अंतर सुमारे साडेचार हजार किलोमीटर, आणि गंमत अशी की त्याचे भाडे सगळ्यांत कमी. खरे पैसे लागले ते किनाऱ्यावर: गोदाम, हाताळणी, कागद, शिक्के. अलीकडे जेवढे, पलीकडे त्याहून थोडे अधिक. पलीकडचे तिच्या बैठकेने वर्गणी काढून भरले, आणि मला कळवलेसुद्धा नाही. फार पुढे कळले.

जहाजाची मालपावती, जिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात, तिच्या तीन अस्सल प्रती निघाल्या. ही नुसती पावती नव्हे. ज्याच्या हाती अस्सल प्रत त्याचा माल. ती दाखवल्याशिवाय तिकडे खोके सुटत नाही. म्हणून साडेपाचशे किलो कागद बोटीने संथ चालला असता त्याला सोडवणारा एक कागद मी कुरिअरने, विमानातून, पुढे धाडला. त्या एका पानाला मोजलेले पैसे मी घरात अजून सांगितलेले नाहीत.

डिसेंबरात खोकी पोचली. तिकडे शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. दोन खोकी चेपली होती. दोन्ही दिवाळी अंकांची. वह्या कोरड्या.

फेब्रुवारीत पहिले पान आले. सात वर्षांच्या मुलाने लिहिलेले. वरच्या रेघेला अक्षरे टांगलेली, कुठे हात सुटल्यासारखी, पण टांगलेली. 'गुळ' लिहिताना 'ग' चा उकार खालच्या रेघेखाली सुखाने पाय सोडून बसला होता. ऱ्हस्व की दीर्घ हे मी त्या दिवशी पाहिले नाही. पंचवीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच. ती म्हणाली, काही मुलांचे आजोबाही आता वर्गात मागे येऊन बसतात. बोलता येते, लिहिता कधी आले नव्हते. त्यांना वह्या द्याव्या लागल्या, तेव्हा दोन वर्षांचा हिशेब आता विसरा.

काका दुसऱ्या घनमीटराच्या तयारीला लागले आहेत. माळे पुन्हा रिकामे होत आहेत.

राहता राहिला मिस्त्री. तो भेटे, विचारी, "पोचली नं जी पेटी?" आणि मी म्हणे, "वह्या पोचल्या, मुले खूश आहेत." असे सहा महिने चालले. गेल्या आठवड्यात दिवाळीच्या आत स्वयंपाकघराचे दार बसवायला तो घरी आला. काम झाले, चहा झाला. ओसरीवर टेकायला म्हणून त्याने सतरंजीवर हात ठेवला, हाताखाली पितळी पट्टी लागली. सतरंजी उचलली.

मला वाटले, आता हा एक शब्द बोलणार नाही, आणि ते फार वाईट होईल. मी घाईघाईने सगळे सांगून टाकले: अळी, मोहोर, गव्हाची ओंबी, 56 अंश, तीस मिनिटे. तो ऐकत ऐकत चारही कोपरे बोटांनी चाचपत होता.

"लाकडाले बी पासपोर्ट लागते म्हना बाप्पा," तो म्हणाला. मग झाकण उघडून आत नाक घातले. "मुंबईले जाऊन आली तरी सांधा हालला नाई, पाह्यलं का सर?"

मी पाहिले. खरोखर हलला नव्हता.

सौभाग्यवतींनी चिवड्याची बशी आणली. तो पेटीवर बसून चिवडा खाऊ लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "छप्पन डिग्री म्हनता नं? अर्धा घंटा?"

"हो. गाभ्यापर्यंत."

"मंग मे महिन्यात गच्चीवर ठेवून पाहू जी. आपल्याकडं दहाच डिग्री कमी पडन."